ओव्हरक्लॉकिंगच्या आधी बायॉस: नवख्यांसाठी मदरबोर्ड अपडेटची वाट

नवीन पीसी जुळवला की बहुतेकांना आधी ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्याचे, आकडे हवे असतात: व्होल्टेज आणि मल्टिप्लायर (प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक). कोणीतरी यूट्यूबवर दाखवलेले आकडे जसेच्या तसे बायॉसमध्ये टाकायचे, मशीन हँग झालं की रॅमला शिव्या घालायच्या आणि मग पुढचा व्हिडिओ शोधायचा. या सगळ्यात एक गोष्ट राहून जाते. ते आकडे कोणत्या बायॉस व्हर्जनवर चालले होते? रॅमला किती व्होल्टेज मिळणार, प्रोसेसर किती तापेपर्यंत पळणार, सहा हजारची रॅम खरोखर सहा हजारला चालणार का, हे सगळं मदरबोर्डच्या फर्मवेअरमधून, म्हणजे बोर्डाच्या चिपवर कायम बसवलेल्या बायॉस या सॉफ्टवेअरमधून, ठरतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी बायॉस, मग मूळ सेटिंगवर तपासणी, आणि सगळ्यात शेवटी ओव्हरक्लॉक. हा क्रम उलटा केला, तर बिघाड नेमका कशामुळे झाला ते कधीच कळत नाही.

दुकानात किंवा मित्रमंडळीत एक सल्ला हमखास मिळतो, "चालतंय ना? मग बायॉसला हात लावू नकोस." ऑफिसच्या, बिलिंगच्या मशीनसाठी हा सल्ला चांगला आहे. ओव्हरक्लॉक करणाऱ्याला मात्र तो लागू पडत नाही, आणि त्याची कारणं २०२३-२४मधली आहेत.

एप्रिल २०२३मध्ये एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले एक्सथ्रीडी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्याचे फोटो फिरू लागले. एक्स्पो (रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाला चालवणारं एएमडीचं सेटिंग) सुरू केल्यावर काही बोर्ड एसओसी व्होल्टेज, म्हणजे प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचं व्होल्टेज, गरजेपेक्षा जास्त चढवत होते. त्यानंतर एएमडीने एजेसा, म्हणजे बायॉसच्या पोटात असलेला एएमडीचा स्वतःचा कोड, बदलून एसओसी व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. दुसरं उदाहरण इंटेलचं. तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर व्हायला लागले. प्रोसेसर स्वतःच प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत होता, हे त्यामागचं मोठं कारण निघालं. ऑगस्ट २०२४मध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या कोडची दुरुस्ती, आला, त्याने ही मागणी १.५५ व्होल्टपर्यंत रोखली. सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आला. हे मायक्रोकोड लोकांपर्यंत पोचले ते मुख्यतः बायॉस अपडेटमधून. आणि यांनी पुढचं नुकसान थांबतं, झालेलं भरून निघत नाही. तुमच्याकडे १३९००के किंवा १४७००के असेल आणि बायॉस २०२४च्या सुरुवातीचा असेल, तर ओव्हरक्लॉकिंगचा विषय आज बाजूला ठेवा. आधी अपडेट.

फायद्याचीही बाजू आहे. २०२३च्या मध्यात एजेसा १.०.०.७बी आल्यावर एएम५ बोर्डांवर (रायझन ७००० आणि त्यापुढच्या प्रोसेसरचे बोर्ड) ६४००च्या वरच्या वेगाच्या डीडीआर५ रॅम नीट चालू लागल्या. २०२४मध्ये १.२.०.२ आल्यावर रायझन ९६००एक्स आणि ९७००एक्स यांना ६५ वॉटऐवजी १०५ वॉटचा पर्याय मिळाला, तोही वॉरंटीत. म्हणजे नुसत्या फर्मवेअरमधून फुकटात वेग.

आधी हे बघा: तुमचा बोर्ड ओव्हरक्लॉक करू देतो का

एएमडीमध्ये बी४५०, बी५५०, बी६५० आणि एक्स मालिकेचे चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप, तिचं नाव बोर्डाच्या नावातच असतं) प्रोसेसर ओव्हरक्लॉक करू देतात. ए३२०, ए५२० आणि ए६२० नाही. ए६२०वर रॅमचं एक्स्पो चालतं, पण तेवढंच. प्रोसेसरही बघा: ५८००एक्सथ्रीडीचा मल्टिप्लायर बंद आहे. इंटेलमध्ये झेड चिपसेट आणि नावात 'के' असलेला प्रोसेसर, दोन्ही लागतात. बी६६० किंवा बी७६० असेल तर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा नाही. एच६१०वर रॅमचाही नाही. बायॉस अपडेट केल्याने यातलं काही बदलत नाही, त्यामुळे त्या आशेने कोणी इथवर आलं असेल तर इथूनच परत फिरायला हरकत नाही.

बोर्डाचं पूर्ण नाव

विंडोजमध्ये सर्चमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा. त्यात बेसबोर्ड प्रॉडक्ट ही बोर्डाच्या नावाची ओळ असते आणि बायॉस व्हर्जन व तारखेची ओळ असते. दोन्हींचा फोटो काढा. सीपीयू-झी वापरत असाल तर मेनबोर्ड टॅबमध्ये हेच दिसतं.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. एकाच नावाखाली वायफायवाला, बिनवायफायचा, मायक्रो एटीएक्स, डीडीआर४ आणि डीडीआर५ असे वेगवेगळे बोर्ड असतात. गिगाबाइटच्या बोर्डाला शिवाय रिव्हिजन असते, ती बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेली असते: १.०, १.१, १.२. कधीकधी प्रत्येक रिव्हिजनचा बायॉस वेगळा असतो. कॅबिनेट उघडा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि वाचा. बॉक्सवरच्या स्टिकरवर विसंबू नका, विशेषतः बोर्ड सेकंडहँड घेतला असेल तर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा ऑनलाइन काय, बॉक्स एका बोर्डाचा आणि आत दुसराच, असं होऊ शकतं.

कोणतं व्हर्जन घ्यायचं

फाइल फक्त बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत साइटवरून घ्यायची. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून मिरवणाऱ्या साइट आणि टेलिग्रामवर आलेल्या फाइल यांच्या वाटेलाच जाऊ नका.

आपल्या बोर्डाच्या सपोर्ट पानावर बायॉसची यादी असते, सगळ्यात नवीन वर. प्रत्येकाखाली दोन-चार ओळींचं वर्णन असतं. बऱ्याचदा ते 'सिस्टिमची स्थिरता सुधारली' इतकं मोघम असतं, पण एजेसाचा किंवा मायक्रोकोडचा आकडा दिलेला असतो आणि तोच कामाचा. माझं मत विचाराल तर बीटा, म्हणजे अजून चाचणीत असलेलं व्हर्जन, टाळा. गिगाबाइटमध्ये व्हर्जनच्या शेवटी छोटं इंग्रजी अक्षर चिकटलेलं असेल, म्हणजे एफ३३ऐवजी एफ३३बी, तर ते बीटा असतं. इतर कंपन्या तसं स्पष्ट लिहितात. सुरक्षेची तातडी नसेल, तर कालच आलेल्या व्हर्जनपेक्षा महिनाभर जुनं, लोकांनी वापरून झालेलं व्हर्जन बरं.

वर्णनात दोन गोष्टी आवर्जून शोधा. एक, 'या व्हर्जननंतर मागे जाता येणार नाही' अशी सूचना. दुसरी, 'आधी अमुक व्हर्जन टाका, मगच हे'. दुसरी असेल तर मधली पायरी गाळायची नाही. जुन्या एएम४ बोर्डांवर (रायझन ५०००पर्यंतच्या प्रोसेसरचे बोर्ड) तिसरी भानगडही आहे. काही बी४५० बोर्डांवर बायॉसची चिप फक्त १६ एमबीची होती. रायझन ५००० बसवायला जागा करताना काही कंपन्यांनी नव्या बायॉसमधून जुन्या ए-मालिकेच्या प्रोसेसरचा सपोर्टच काढून टाकला. अशा बोर्डावर जुनाच प्रोसेसर ठेवून नवा बायॉस टाकला, तर मशीन चालूच होणार नाही. आपला प्रोसेसर नव्या व्हर्जनच्या यादीत आहे का, हे बघायला एक मिनिट लागतं.

अपडेटच्या आधीची आवराआवर

बायॉस अपडेट झाला की तुमची सगळी सेटिंग पुसली जातात: फॅनचे कर्व्ह, बूटचा क्रम, एक्स्पो, सगळं. त्यामुळे आधी पेनड्राइव्ह लावून बायॉसमध्ये जा आणि प्रत्येक पानावर एफ१२ दाबा. बहुतेक बोर्ड स्क्रीनशॉट पेनड्राइव्हवर उतरवतात. नाहीतर मोबाइलने फोटो काढा. बायॉसमध्येच 'प्रोफाइल सेव्ह' असतं, त्यावर भरवसा ठेवू नका. जुन्या व्हर्जनचं प्रोफाइल नव्यात बहुधा उघडतच नाही. उघडलं तरी वापरू नका, कारण आतली सेटिंग बदललेली असू शकतात.

मग बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्ह एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करणारं विंडोजचं साधन. यावर जरा थांबा, कारण नवख्यांची सगळ्यात जास्त धावपळ इथेच होते. विंडोज ११चं २४एच२ नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं असेल, तर होम आवृत्तीतही ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट झालेली असण्याची शक्यता आहे. तुम्ही कधी बिटलॉकर सुरू केलं नव्हतं म्हणून ते नाहीच, असं समजू नका. बायॉस बदलला की टीपीएमला, म्हणजे एन्क्रिप्शनची की जपणाऱ्या सुरक्षा चिपला, मशीन ओळखीचं वाटत नाही आणि विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. ती आधीच काढून कागदावर लिहून ठेवा, कारण निळा स्क्रीन समोर आल्यावर अकाउंटचा पासवर्डही आठवत नाही. त्यानंतर सेटिंगमध्ये जाऊन एन्क्रिप्शन तात्पुरतं बंद करा.

आता आधीच एखादं ओव्हरक्लॉक किंवा एक्स्पो सुरू असेल तर ते काढा. बायॉसमध्ये 'लोड ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स', सेव्ह, रिस्टार्ट. कच्च्या रॅम सेटिंगवर मशीन चालू असताना बायॉस लिहायला घेणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. फाइल वाचताना एक बिट चुकला तरी ते थेट चिपवर जाऊ शकतं.

शेवटी वीज. फ्लॅशिंगला, म्हणजे नवा बायॉस चिपवर लिहायला, तीन ते पाच मिनिटं लागतात आणि तेवढ्यात लाईट गेली तर बोर्ड जागच्या जागी मरू शकतो. यूपीएस असेल तर त्यावरच करा. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा सेटिंगमध्ये 'यूपीएस' मोड असतो तो निवडलेला आहे का बघा; साध्या मोडमध्ये लाईट जाऊन बॅकअप येईपर्यंतच्या क्षणात पीसी बंद पडतो. काहीच नसेल तर लाईटची खात्री असलेली वेळ निवडा. पुण्यात गुरुवार (देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार) नको, उन्हाळ्यात वळवाची संध्याकाळ नको.

पेनड्राइव्ह

८ ते ३२ जीबीचा जुना, साधा पेनड्राइव्ह उत्तम. फॅट३२मध्ये फॉरमॅट करा. एनटीएफएस किंवा एक्सफॅट बऱ्याच बोर्डांना वाचता येत नाही. डाउनलोड झालेली झिप फाइल पेनड्राइव्हवर तशीच टाकू नका, आधी उघडा आणि आतली बायॉसची मूळ फाइल बाहेर, कोणत्याही फोल्डरशिवाय ठेवा. आसूसची फाइल 'कॅप'ने संपते, गिगाबाइटची व्हर्जनच्या आकड्याने. सोबत सध्या बोर्डावर असलेल्या व्हर्जनची फाइलही वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून द्या. परत फिरायची वेळ आली तर त्या मशीनवर इंटरनेट असेलच असं नाही.

विंडोजमधून बायॉस अपडेट करणारी सॉफ्टवेअर असतात. ती वापरू नका. मध्येच विंडोज अडकलं, अँटीव्हायरसने नाक खुपसलं किंवा अपडेट सुरू झालं तर निस्तरत बसावं लागतं. बायॉसच्या आतूनच करा.

प्रत्यक्ष फ्लॅशिंग

पेनड्राइव्ह मागच्या, थेट बोर्डावरच्या यूएसबी पोर्टमध्ये लावा; कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमध्ये किंवा हबमध्ये नको. मशीन चालू करून डिलीट दाबत राहा. बायॉस उघडला की अपडेटचं साधन शोधा. आसूसमध्ये त्याला ईझेड फ्लॅश म्हणतात, एमएसआयमध्ये एम-फ्लॅश, गिगाबाइटमध्ये क्यू-फ्लॅश आणि एएसरॉकमध्ये इन्स्टंट फ्लॅश. पेनड्राइव्ह निवडा, फाइल निवडा. बोर्ड फाइल तपासून तिचं व्हर्जन आणि तारीख दाखवतो. पुढे जाण्याआधी ते आपल्या फोटोशी ताडून बघा. फाइल दुसऱ्या मॉडेलची असेल तर बहुतेक बोर्ड इथेच नकार देतात.

सुरू केलं की हात बाजूला. माउस हलवायचा नाही, पेनड्राइव्ह काढायचा नाही, टक्का अडला म्हणून रिसेट तर मुळीच दाबायचा नाही. पंखे अचानक जोरात फिरतील, स्क्रीन एकदा-दोनदा काळी होईल, मशीन आपणहून बंद होऊन चालू होईल. हे सगळं अपेक्षित आहे.

आणि मग येतो तो काळा स्क्रीन. डीडीआर५ बोर्डावर अपडेटनंतरच्या पहिल्या बूटला बोर्ड रॅमची ओळख नव्याने करून घेतो, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. मॉनिटरवर 'नो सिग्नल', पंखे चालू आणि बोर्डाच्या कडेला 'डीरॅम' लिहिलेला छोटा दिवा पेटलेला. मिनिट जातं, दोन जातात, काहीच होत नाही. रॅमच्या चार काड्या असतील तर आणखी वेळ लागतो. बोर्ड मेला असं वाटून लोक पॉवरचं बटण धरून ठेवतात ते याच क्षणी, आणि त्यामुळे ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. दहा-पंधरा मिनिटं खुशाल जाऊ द्या. चहा टाका, पण खोलीतल्या कोणाला बटण दाबू देऊ नका.

मशीन उठल्यावर कधी एफटीपीएमबद्दल (एएमडीच्या प्रोसेसरमध्येच असलेलं टीपीएम) एक प्रश्न येतो: वाय दाबून रिसेट करायचं की एन दाबून जुनं ठेवायचं. एन दाबा. वाय दाबलं की त्यात साठवलेल्या जुन्या की पुसल्या जातात, आणि बिटलॉकरची की लिहून ठेवली नसेल तर डेटावर पाणी.

स्क्रीनच नसेल तर: बटणाने फ्लॅश

जुन्या बी६५० बोर्डावर रायझन ९००० बसवला आणि बोर्ड त्याला ओळखतच नाही, असा प्रसंग येतो. त्यासाठी अनेक बोर्डांच्या मागे एक छोटं बटण आणि खूण केलेला यूएसबी पोर्ट असतो. प्रोसेसर, रॅम काहीही नसलं तरी चालतं. फक्त पॉवर सप्लायची २४ पिनची आणि प्रोसेसरची ८ पिनची केबल लावलेली हवी. इथे फाइलचं नाव ठरलेलं असतं: एमएसआयला 'एमएसआय डॉट रॉम', गिगाबाइटला 'गिगाबाइट डॉट बिन', एएसरॉकला 'क्रिएटिव्ह डॉट रॉम', सगळं अर्थात इंग्रजी अक्षरांत. आसूसच्या झिपमध्ये नाव बदलून देणारा छोटा प्रोग्राम असतो. नाव बदलताना विंडोजमध्ये एक्स्टेन्शन (फाइलच्या नावातला डॉटनंतरचा भाग) दिसतील असं करून घ्या, नाहीतर 'रॉम डॉट रॉम' होऊन बसतं आणि बोर्डावरचा दिवा दोन-चारदा लुकलुकून विझतो. दिवा पाच-दहा मिनिटं लुकलुकत राहिला आणि मग विझला, तर काम झालं.

काही बिघडलंच तर

वीस मिनिटांनीही स्क्रीन आली नाही, तर आधी सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायॉसची साठवलेली सेटिंग पुसा. मशीन बंद, भिंतीतला प्लग बाहेर, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज काढून टाका. मग बोर्डावरच्या 'सीएलआर सीमॉस' नावाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने दहा सेकंद जोडा, किंवा नाण्यासारखा गोल सीआर२०३२ सेल काढून पाच मिनिटांनी परत बसवा. बहुतेक 'मेलेले' बोर्ड इथेच उठतात.

त्यानेही नाही उठला तर आधी सांगितलेलं मागचं फ्लॅशचं बटण वापरून पुन्हा फ्लॅश करा. बटण नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे जा. आठ पायांची बायॉस चिप तो प्रोग्रामरने बाहेरून लिहू शकतो आणि हे काम बोर्डाच्या किमतीच्या मानाने स्वस्तात होतं. फक्त एक विचारा: चिप १.८ व्होल्टची आहे की ३.३ व्होल्टची, हे तो बघतो का? अनेक एएम४ बोर्डांवर १.८ व्होल्टची चिप असते आणि स्वस्तातला सीएच३४१ए प्रोग्रामर मधल्या अडॅप्टरशिवाय लावला तर चिप जळू शकते.

विंडोज आलं. आता लगेच ओव्हरक्लॉक नको

बायॉसमध्ये जाऊन चार गोष्टी पूर्ववत करा: बूट ड्राइव्ह, सिक्युअर बूट, टीपीएम आणि फॅन. जुनी विंडोज सीएसएमवर (बूट करण्याची जुनी पद्धत) टाकलेली असेल किंवा ड्राइव्ह रेडमध्ये (अनेक ड्राइव्ह एकत्र जोडून) असतील, तर ती सेटिंगही फोटो बघून परत लावा, नाहीतर विंडोज सापडणारच नाही. अपडेटनंतर व्हॅलोरंट हा गेम उघडेनासा झाला अशी तक्रार असते, तिचं कारण बहुधा सिक्युअर बूट बंद पडलेलं असतं. बिटलॉकर पुन्हा सुरू करा.

मग काहीही न वाढवता एक दिवस मशीन वापरा. संध्याकाळी ओसीसीटी हा ताणाची चाचणी घेणारा प्रोग्राम अर्धा तास चालवा, एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान आणि एसओसी व्होल्टेज बघा. मूळ सेटिंगवरच एरर आली तर दोष बायॉसमध्ये किंवा हार्डवेअरमध्ये आहे, तुमच्या ओव्हरक्लॉकमध्ये नाही, हे तुम्हाला आता पक्कं ठाऊक असेल.

त्यानंतर एकेक पाऊल. आधी रॅम. एक्स्पो किंवा एक्सएमपी (तसंच इंटेलचं सेटिंग) सुरू करा. एएम५वर दोन काड्यांत ६००० हा वेग बहुतेकांना झेपतो, चार काड्या असतील तर अपेक्षा बऱ्याच खाली आणा. मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एकही एरर चालत नाही, 'फक्त एकच आली' असं नसतं. बूट लवकर व्हावं म्हणून 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर' सुरू केलं आणि मशीन अधूनमधून निळं पडू लागलं, तर ते आधी बंद करून बघा.

रॅम पक्की झाली की प्रोसेसर. रायझनवर सगळ्या कोअरना एकच ठरावीक वेग देण्यापेक्षा पीबीओ (वाव असेल तेवढा वेग आपोआप वाढवणारं सेटिंग) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज थोडं कमी करणारं सेटिंग) कितीतरी फायद्याचे. सगळ्या कोअरना उणे १० देऊन सुरुवात करा, टिकलं तर उणे १५. रायझन ७००० (एक्सथ्रीडी सोडून) पूर्ण लोडवर ९५ अंशांना टेकला म्हणून घाबरू नका, तो तसाच बनवला आहे. कर्व्हचा बिघाड मात्र लोडवर नाही, मशीन निवांत असताना दिसतो: यूट्यूब बघता बघता अचानक रिस्टार्ट. अशा वेळी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअरच्या चुकांची) नोंद शोधा. त्यात प्रोसेसरचा एपीआयसी आयडी असतो, त्यावरून कोणता कोअर कुरकुरतोय ते कळतं, आणि तेवढ्याच कोअरचं उणे १५ परत उणे १० करता येतं.

एक्स्पो आणि पीबीओ दोन्ही एएमडीच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच आहे आणि त्यातून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे ठाऊक असू द्या. टिकलेली सेटिंग बायॉसच्या व्हर्जनसकट लिहून ठेवा. पुढचा अपडेट टाकाल तेव्हा तेच आकडे घालून मोकळं होऊ नका, मेमटेस्ट नव्याने चालवा. उणे १५वर वर्षभर ठणठणीत चाललेला कोअर नव्या एजेसावर उणे १०लाही कुरकुरू शकतो.